मधला पत्रा

बाईंडर आणि त्याची बायको मुलीकडे जायला एकाच सकाळी, एकाच घरातून निघत आणि दुपारच्या चहाला एकाच टेबलाशी बसत. मधला रस्ता मात्र दोघं घटस्फोट घेतल्यासारखे काटत. तो आपल्या जुन्या, लाल, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारमधून आणि ती बसने. वाटेत गाडी तापली की तो ती झाडाखाली उभी करून बॉनेट उघडून बसायचा. तेवढ्यात बस मागून यायची आणि खिडकीतून बायको हात हलवायची. तोही हलवायचा. बसमधल्या लोकांना वाटायचं, बाई फार मायाळू दिसतात, रस्त्यात अडलेल्या परक्या माणसालासुद्धा धीर देतात.

बाईंडरचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आता ते भाचा बघायचा, पण नाव मात्र बाईंडरला चिकटलं ते चिकटलंच. गाडी त्याने तरुणपणी भंगारवाल्याकडून आणली होती. तेव्हा तिला चाकंही नव्हती. पान पान सुटलेला ग्रंथ जुळवावा तशी त्याने ती जुळवून काढली. लांब नाक, बसकी पाठ, जमिनीला टेकल्यासारखी बैठक. रस्त्यात थांबवून लोक फोटो काढत. बायको लग्नानंतर दोन-चारदा तिच्यात बसली आणि मग तिने हात टेकले. आत भट्टीसारखं तापायचं आणि आवाज असा, की दिलेली शिवीही वाया जावी. त्यातून बायकोची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. आयुष्यभर कानात परक्यांची खरखर ऐकून घरी आलेल्या बाईने पुन्हा हौसेने खरखर ऐकायला का जावं, याचं उत्तर बाईंडरकडे नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण बायकोच्या गुडघ्याने संप पुकारला.

"बसच्या पायऱ्या आता मला व्हायच्या नाहीत," ती एका सकाळी म्हणाली. "गाडी घ्यायला लागणार. बंद काचांची, थंड हवेची. माणसांची गाडी."

"आपल्याकडे गाडी आहे."

"ती तुमच्याकडे आहे."

इमारतीखाली त्यांना एकच गाडी लावायची जागा होती. माणसांची गाडी आली की लाल गाडीला जावं लागणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. जावयाने तर एक गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं.

बायकोला त्याचा चेहरा बघून दया आली असावी. निदान त्याला तसं वाटलं. "हे बघा," ती म्हणाली, "मी एकदा बसेन. मुलीच्या दारापर्यंत. पाय भाजला नाही आणि डोकं उठलं नाही, तर राहू दे तुमची लाडकी. नाहीतर जावई म्हणतात तसं करायचं. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही."

"नाही बसणार."

"आत्ताच बसलायत."

खरं सांगायचं तर बाईंडरला या अटीत गाडीपेक्षाही मोठं काहीतरी दिसलं होतं. मुलीचं गाव चार तासांवर होतं. बायकोच्या शेजारी सलग चार तास बसण्याचा योग त्याला संसारात फारसा आलेला नव्हता. तो घरी यायचा तेव्हा तिची ड्यूटी सुरू व्हायची आणि ती यायची तेव्हा तो दुकान उघडायला निघायचा. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, पण तोवर बोलायची सवय गेली होती. दोघं घरात एकमेकांशी चिठ्ठीवर लिहावं तेवढंच बोलत. दूध घ्या. गॅस बंद केला का. घरात जे जमत नाही ते गाडीत जमेल, असं त्याच्या मनाने घेतलं. फक्त ऐकू यायला हवं.

तो कामाला लागला.

गाड्यांच्या गाद्या आणि अस्तरं विकणाऱ्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार बोलका होता आणि एका कानामागे पेन्सिल खोवून बसायचा. त्याने नमुन्यांची चळत काउंटरवर टाकली. बाईंडर तुकडे उचलून वाकवून बघू लागला, कडा चोळू लागला, नाकाशी धरून वास घेऊ लागला.

"काका, खायचं नाहीये ते," दुकानदार म्हणाला.

"याचा डिंक उन्हात सुटेल."

"सुटेल ना. म्हणून तो स्वस्त आहे. तुमचा त्रास काय ते आधी सांगा. उकाडा की आवाज?"

"दोन्ही."

"मग दोन औषधं. लोक एकच घेऊन जातात आणि मला शिव्या देतात." त्याने काळी, जड शीट पुढे सारली. "हिचं काम पत्र्याला गप्प करायचं. पत्रा थरथरतो म्हणून वाजतो. ही चिकटवली की थरथर बंद. पण ही उष्णता अडवत नाही, उलट तापली की वास मारते." मग त्याने पाठीला चंदेरी कागद लावलेला फोम दाखवला. "हा उष्णता अडवतो. पण हा पत्र्यावर घट्ट दाबून बसवलात तर निम्मा फुकट. त्याला जरा हवा लागते मागे. आणि वरून नमदा, हे जाड लोकरी कापड, म्हणजे पायाखाली मऊ."

"किती लागेल?"

"काळी शीट पत्र्याच्या मधोमध लावा. चौथा हिस्सा झाकला तरी पुरे."

बाईंडर ताठ झाला. पुस्तकाच्या कण्याला तेवढं कापड लावायचं आणि बाकी सगळा कागद, असली चौथाई बांधणी त्याने फक्त शाळेच्या वह्यांना केली होती, आणि तीही नाइलाजाने. बायको शेजारी बसणार आणि गाडीला चौथाई बांधणी?

"पूर्ण झाकायचं," तो म्हणाला.

"गाडी जड होईल काका."

"होऊ दे."

"तुमची गाडी," दुकानदार म्हणाला आणि त्याने आनंदाने पेन्सिल काढली.

पण बाईंडर असा सहजासहजी विकत घेणारा गडी नव्हता. तो सगळे नमुने घरी घेऊन आला आणि त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तापल्या तव्यावर एकेक तुकडा ठेवायचा, तुकड्यावर मेणबत्तीचा खडा ठेवायचा आणि कुठला खडा उशिरा वितळतो ते बघायचं. आवाजासाठी त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गजराचं घड्याळ ठेवलं आणि डब्याला आळीपाळीने वेगवेगळी अस्तरं लावून गजर वाजवला.

"अहो," बायको दारात उभी राहून म्हणाली, "तो गजर तुम्ही कमी करताय की वाढवताय?"

"आता कसा वाटतोय? मघापेक्षा कमी?"

"मघाशी मी त्या खोलीत होते. आता इथे आहे. इथे जास्त वाटतोय."

"तू परत त्या खोलीत जा ना जरा."

ती गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "आता एकदम कमी. बघा, फुकटात झालं."

बाईंडरला ते कळलं, पण त्याने कानाडोळा केला.

सगळ्यात मोठा अडथळा घरातून नाही, बाहेरून आला. पिस्टन नावाने ओळखला जाणारा त्याचा जुना दोस्त, त्याच बनावटीच्या हिरव्या गाडीचा मालक, बातमी ऐकून धावत आला. पिस्टनच्या मते जुन्या गाडीला अस्तर लावणं म्हणजे वाघाला झबलं घालणं.

"अरे, आवाज काढून टाकलास तर उरतं काय? लाल रंगाचं चपटं कपाट!" तो म्हणाला. "तिसऱ्या गिअरला ती गाते, आठवतं का? घाटाच्या त्या वळणावर?"

बाईंडरला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तो खाली बघत होता. त्याला गाडीचा वेग काट्यावरून नाही, आवाजावरून कळायचा. गिअर कधी टाकायचा हे तो कानाने ठरवायचा. गेली कित्येक वर्षं त्याच्याशी सर्वांत जास्त कोण बोललं असेल, तर ते इंजिन.

"बायको बसणार आहे," तो म्हणाला.

"तिच्या कानात कापूस घाल."

"मग मी बोलेन ते तिला ऐकू कसं येणार?"

"चांगलंच की! माझ्या घरी तीस वर्षं तसंच चाललंय, कापसाशिवाय."

पिस्टन हसला. बाईंडर हसला नाही. त्याने आवाजावर पाणी सोडायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सामान आणलं.

काम त्याने स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सीटा काढल्या, जुनी सतरंजी उपसली, पत्रा घासून पुसून कोरा केला. मग आपल्या बांधणीच्या दुकानातून हाडाची पट्टी आणली. पुठ्ठ्यावर कापड चिकटवताना बुडबुडा राहू नये म्हणून बाईंडर लोक जी फिरवतात ती. तिने तो काळी शीट इंच इंच दाबत गेला. खाली काळी, तिच्यावर चंदेरी, तिच्यावर नमदा. कोपरे पुस्तकाच्या कोपऱ्यांसारखे मुडपले. इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या उभ्या पत्र्याला तर त्याने ग्रंथाचं मुखपृष्ठ असल्यासारखं मढवलं. जिथे जिथे पत्र्याला भोक होतं, तिथे तिथे त्याने अस्तर गोल कापून भोकाला सुबक काठ काढला. बाईंडरचा धर्मच तो. लेखकाने पान कोरं सोडलं असेल तर ते कोरंच बांधायचं. गाडी घडवणाऱ्याने भोक ठेवलंय, तर त्याच्या मनात काहीतरी असणार. ते बुजवणारे आपण कोण?

शेवटी त्याने सीटा परत बसवल्या आणि मागे सरून बघितलं. आत पाऊल टाकायला मन होऊ नये इतकं सुंदर झालं होतं.

पाऊल टाकल्यावर कळलं की फक्त सुंदर झालं होतं. तीन थरांमुळे सीटा चांगल्या चार बोटं वर आल्या होत्या. बाईंडरचं डोकं छताला टेकलं. मान तिरकी केली की टेकत नव्हतं, पण मग रस्ताही तिरका दिसायचा. दार लावायला खांदा लावावा लागला. आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी नमद्यात रुतून अर्ध्यावरच थांबायचा, म्हणजे गाडी आता नाइलाजाने सभ्य झाली होती. बाईंडरने निमूटपणे सीटांखालचा आणि पायाखालचा नमदा काढून टाकला. डोकं सुटलं, पाय सुटला. मग तो चक्कर मारून आला आणि काय सांगावं, आवाज नव्हता! म्हणजे होता, पण शेजारच्या घरात कुणीतरी गाडी चालवत असल्यासारखा. पायालाही झळ लागेना. बाईंडरचा जीव भांड्यात पडला.

जायच्या आदल्या दिवशी त्याने पिस्टनला बोलावलं. हेतू सरळ होता, जरा मिरवावं. पिस्टनने एक अट घातली. "मी चालवणार. तू बस बाजूला. मला स्वतःला बघायचंय, किती वाटोळं केलंस ते."

बाईंडर वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं आणि क्षणभर थांबला. या दाराने बसून तो कधी कुठे गेलाच नव्हता. गाडी इतकी वर्षं घरात होती. तिचा प्रत्येक स्क्रू त्याच्या हाताखालून गेला होता. पण चालत्या गाडीत बायकोच्या जागेवर तो एकदाही बसलेला नव्हता.

पिस्टन चौकाबाहेर पडला, त्याने वेग घेतला, आणि बाईंडरच्या घोट्याशी काहीतरी फुंकर घालू लागलं. आधी कोमट. मग गरम. मग असं, की कुणीतरी इस्त्री टेकवायला आणावी आणि टेकवू नये. त्याने पाय सरकवला. फुंकर पायामागे आली. त्याने पाय वर घेतला.

"काय रे, योगासनं करतोयस?" पिस्टन म्हणाला.

"गाडी थांबव."

बाईंडर खाली वाकला, जवळजवळ आडवा झाला आणि त्याने हात आत घातला. उभ्या पत्र्यात, गिअरबॉक्सच्या उंचवट्याजवळ, अंगठा जाईल एवढं भोक होतं. कधीकाळी आधीच्या मालकाने हीटर काढून टाकला होता. त्याच्या नळीचं ते भोक. नळी गेली, भोक राहिलं. गाडी पळू लागली की इंजिनवरची सगळी तापलेली हवा त्यातून थेट आत यायची. आणि त्याच्याभोवती बाईंडरने नुकताच काढलेला काठ चंदेरी चमकत होता. एकही सुरकुती नव्हती त्यात.

"वा!" पिस्टन वाकून बघत म्हणाला. "भोकाला झालर लावणारा पहिला माणूस तू."

बाईंडरला त्याचं काही वाटलं नाही. त्याला आठवत होतं ते निराळंच. लग्नानंतरच्या त्या दोन-चार फेऱ्यांत बायको काहीतरी सांगायची, खाली बोट दाखवायची, आणि आवाजात त्याला काही कळायचं नाही. तो मान डोलवून हसायचा. मग तिने पाय मांडीखाली दुमडून घेतला आणि पुढे गाडीतच बसणं सोडलं.

त्याने घरी येऊन विचारलं, "तुला गाडीत पाय कुठे भाजायचा गं?"

"आतल्या घोट्याला," ती मान वर न करता म्हणाली. "तिथून वारा येतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

आता तिने मान वर केली. नुसती बघत राहिली, आणि ते त्याला पुरलं.

रबराचं बूच अस्तरांच्या त्याच दुकानात मिळालं. दुकानदाराने डब्यातून ते शोधून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "एवढंच?" तो दुःखाने म्हणाला. "आणखी एखादा थर लावून बघा की काका." बाईंडरने बूच खिशात टाकलं, घरी येऊन भोकात दाबलं, आणि वरून चंदेरी कागदाचा गोल तुकडा चिकटवला. तोसुद्धा हाडाच्या पट्टीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. बायको बसली, म्हणजे त्याचा हात धरून हळूहळू खाली उतरली. "विहिरीत सोडल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. तिने पट्टा लावला, पाय लांब केले, घोटा मुद्दाम उंचवट्याला टेकवला आणि परीक्षकासारखी गप्प बसली.

बाईंडरने तयारी केली होती. चार तासांसाठी त्याने विषय काढून ठेवले होते. आधी सोपे, मुलीच्या नव्या घराचा वगैरे. मग एक्सचेंजमधल्या गमती, ज्या तिने इतरांना सांगितलेल्या त्याने पाठीमागून ऐकल्या होत्या, पण त्याला कधी सांगितल्या नव्हत्या. आणि सगळ्यात शेवटी, रस्ता मोकळा लागल्यावर, तो तिला विचारणार होता की आपण दोघं आता इतकं कमी का बोलतो. हे घरात विचारता आलं नसतं. घरात माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतं.

"काहीतरी टकटक वाजतंय," बायको म्हणाली.

"घड्याळ आहे ते. समोरचं." बाईंडरलाही नवल वाटलं. ते घड्याळ चालतं हे त्याला ठाऊक होतं. त्याला आवाज आहे हे नव्हतं.

"बरं."

पूल गेला. शेवटची घरं गेली. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "मुलीने खिडक्यांना पडदे कुठले लावलेत म्हणाली?"

उत्तर आलं नाही. त्याने हळूच वळून बघितलं. बायकोची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती गाढ झोपली होती.

त्याला वाटलं, उठेल पाच मिनिटांत. ती उठली नाही. टोलनाक्यावर उठली नाही, पेट्रोल भरताना उठली नाही. घाट आला. त्या वळणावर त्याने सवयीने कान टवकारले, पण इंजिन लांब कुठेतरी पुटपुटत होतं आणि त्याला नक्की ऐकू येत होतं ते बायकोचं बारीक घोरणं. गिअर त्याने अंदाजाने टाकला. गाडीला गचका बसला.

"हळू हो," ती डोळे मिटूनच म्हणाली.

ही संधी होती. "जागी आहेस का?" तो घाईने म्हणाला. "मी काय विचारत होतो, आपण दोघं..."

"ओरडताय कशाला? सगळं ऐकू येतं आता," ती म्हणाली, कूस बदलल्यासारखी सरकली आणि परत झोपली.

उरलेला रस्ता बाईंडर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून खड्डे चुकवत राहिला. आयुष्यात त्याने इतकी हळुवार गाडी कधी चालवली नव्हती. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. तोही आवाज आत जेमतेम येत होता आणि तेवढ्यासाठीही तो त्यांच्यावर दात खात होता.

मुलीच्या दाराशी मुलगी आणि जावई दोघं उभे होते. जावयाच्या हातात फोन होता. गिऱ्हाईक बहुधा पलीकडे धरून ठेवलेलं असावं. मुलीने आईच्या बाजूचं दार उघडलं.

"आई! अगं, ठीक आहेस ना?"

बायकोने डोळे उघडले. तिला आपण कुठे आहोत हे कळायला जरा वेळ लागला. "पोचलो?" ती म्हणाली. "इतक्यात?"

"झोपली होतीस? तू?" मुलगी बापाकडे बघत म्हणाली. "बाबा, नोकरी सुटल्यापासून ही रात्रीसुद्धा धड झोपत नाही. कानात गुणगुण होते म्हणून डॉक्टरकडे नेत होते मी. तुम्हाला माहितीय ना?"

बाईंडरला माहीत नव्हतं. त्याने मान डोलवली. मग लक्षात आलं की आता मान डोलवून भागणार नाही, सगळं ऐकू येतं. "नाही गं," तो म्हणाला. "मला नव्हतं माहीत."

बायको त्याचा हात धरून विहिरीतून वर आली. तिने घोटा चाचपला. गाडीला एकदा पुढून मागून बघितलं. ही गाडी तिने कधी इतका वेळ बघितली नव्हती. मग जावयाला म्हणाली, "त्या माणसाला फोन करा आणि सांगा, गाडी विकायची नाही."

"पण आई, एसी नाही, एअरबॅग नाही..."

"तुमच्या त्या एसीचा पंखा घूं घूं करतो. नाही विकायची म्हटलं ना!"

बाईंडर जिंकला होता. चहा पिताना सगळ्यांनी त्याच्या हाताचं कौतुक केलं. जावयाने अस्तरावरून बोटसुद्धा फिरवून बघितलं. बाईंडर हसत होता आणि मनात विषय परत जुळवत होता, परतीच्या चार तासांसाठी. परतीला ती गावाची वेस ओलांडायच्या आत झोपली.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, तो नेहमीसारखा पुस्तक घेऊन खुर्चीत बसला. बायको खोलीतून बाहेर आली. पायात चपला, काखेत छोटी उशी.

"अहो, चला ना," ती म्हणाली. "गाडी काढा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती स्वतःहून त्याला कुठे घेऊन चला म्हणाली, असं त्याला आठवेना. तो इतका चटकन उठला की पुस्तक खाली पडलं.

"कुठे जायचं?"

"कुठेही," ती म्हणाली. "पण जरा लांबचं बघा. आणि मधे थांबू नका."